हट्टी चरबी कशी उतरवावी
पोटाचे व्यायाम वाढवले म्हणजे पोटाचीच चरबी उतरते, हा समज आधी सोडावा. चरबीच्या पेशींवर अ‍ॅड्रेनालिन या संप्रेरकाला (हार्मोनला) प्रतिसाद देणारे दोन प्रकारचे ग्राही, म्हणजे संदेश टिपणारे रेणू (रिसेप्टर), असतात. बीटा ग्राही चरबी मोकळी करतात, तर अल्फा-2 ग्राही तिला रोखून धरतात, आणि मांड्या व नितंबांच्या त्वचेखालील थरात हे रोखणारे ग्राही अधिक, शिवाय रक्तप्रवाह कमी असल्यामुळे तेथील साठा सर्वांत शेवटी हलतो. आतड्यांभोवतीची चरबी तुलनेने लवकर उतरते, आणि आरोग्याला अधिक धोका तिचाच असतो.

म्हणून आरशाऐवजी टेपवर विश्वास ठेवावा: दर पंधरवड्याला सकाळी उपाशीपोटी कंबर मोजावी, भारतीय पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. ज्वारीची भाकरी सोडण्याची गरज नाही. तीनऐवजी दोन घ्याव्यात, सोबत वरण किंवा मटकीची उसळ वाढवावी, आणि शेंगदाण्याच्या चटणीवर तेल घेताना हात आखडावा (आपल्याकडे खरा घोटाळा तेथेच होतो). परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात चालणे सूर्योदयापूर्वीच उरकावे. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात, त्यामुळे रोज 500 कॅलरींची तूट राखली तरी तेवढी उतरण्यास दोन आठवडे लागतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहार कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.