टर्बो गाडीला मोठा फ्युएल पंप: लिटरचा हिशेब, वायरिंग आणि बसवणी

पंप घेताना बहुतेकांची नजर डब्यावरच्या आकड्यावर जाते: २५५, ३४०, ४५०. हे ताशी लिटर असतात खरे, पण ठरावीक प्रेशरला, बहुधा ३ बारच्या आसपास, आणि ठरावीक व्होल्टेजला मोजलेले. विहिरीवरच्या मोटारीचं गणित इथेही तेच आहे. पाइप वावरात मोकळा सोडला तर धो-धो पाणी, तोच उंच टाकीला चढवला की धार बारीक, आणि व्होल्टेज पडलं की तीही तुटते. बूस्ट (टर्बोने हवेला दिलेलं जादा प्रेशर) आल्यावर पंपाला किती प्रेशरविरुद्ध ढकलायचंय आणि त्याच्या पिनवर खरोखर किती व्होल्ट पोचतात, यावर पंप निवडायचा.

त्याआधी दोष नक्की टाकीतल्या पंपाचा आहे का, हे तपासा. साध्या एमपीएफआय गाडीत (इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर फवारतो) एकच पंप असतो. टीएसआय, टी-जीडीआय अशा डायरेक्ट इंजेक्शन (थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनांत दोन असतात. टाकीतला पंप साधारण ४ ते ६ बारने पेट्रोल पुढे पाठवतो आणि कॅमवर चालणारा दुसरा पंप ते दीडशे-दोनशे बारपर्यंत किंवा त्याहून वर नेतो. शेंद्र्यात जुळवणी झालेली १.८ टीएसआय ऑक्टाव्हिया असो की छोटी १.० लिटरची हॅचबॅक, स्कॅनर लावून तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटलचा लॉग घ्या. रेल प्रेशर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) टार्गेटपेक्षा खाली घसरतंय आणि टाकीकडचं प्रेशर मात्र जागेवर आहे, तर मर्यादा कॅमवरच्या पंपाची आहे. टाकीत कितीही मोठा पंप टाकला तरी पैसे पाण्यात. दोन्ही घसरत असतील तर सुरुवात टाकीपासून करा. काही गाड्यांत लो प्रेशरचा, म्हणजे टाकीकडचा, सेन्सरच नसतो. तिथे लाइनमध्ये टी-जोड टाकून गेज लावावा लागतो.

लिटर किती लागतात

टर्बो पेट्रोल इंजिन फुल लोडवर दर हॉर्सपॉवरला ताशी साधारण २७० ग्रॅम इंधन पितं. लिटरमध्ये मोजलं तर १०० हॉर्सपॉवरला ताशी ३७ लिटरच्या आसपास. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला हवा कमी लागते (पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १, इथेनॉलचं ९ ला १), म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त जातं. ३७ चे ४० धरा. वर २५ टक्के राखीव ठेवा, कारण पंपाच्या तोंडावरची जाळी थोडी चोंदते, पंप झिजतो, उन्हाळ्यात इंधन तापतं. थोडक्यात दर १०० हॉर्सपॉवरला ५० लिटर, पण तुमच्या खऱ्या प्रेशरला. डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा चाकांवरचा असेल तर त्यात १५ टक्के मिळवून मगच हिशेब करा.

उदाहरण घ्या. इंजिन ३५० हॉर्सपॉवरचं, बूस्ट १.५ बार, रेग्युलेटरला (इंधनाचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह) बूस्टची नळी जोडलेली, बेस प्रेशर ३ बार. फुल बूस्टला पंपाला ४.५ बार द्यायचे आणि त्या प्रेशरला ताशी १७५ लिटर हवेत. २५५ चा चांगला पंप ४.५ बारला, १३.५ व्होल्टवर २०० ते २२० लिटरच्या घरात देतो, म्हणजे इथे तो पुरतो. व्होल्टेज १२ वर आलं की त्यातले दहा-पंधरा टक्के गळतात आणि काम काठावर येतं. वॉलब्रो, एईएम, डॉयट्शवर्क्स या कंपन्या प्रेशर आणि व्होल्टेजनुसार फ्लो चार्ट देतात. चार्ट नसलेला पंप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. वॉलब्रोच्या नावाने नकली माल भरपूर फिरतो, म्हणून अधिकृत विक्रेत्याचं बिल हवंच. पंपाच्या आतला रिलीफ व्हॉल्व्ह किती बारला उघडतो, तेही चार्टवर बघा. तो तुमच्या कामाच्या प्रेशरजवळ उघडत असेल तर पंप पेट्रोल टाकीतल्या टाकीतच परत सोडतो, आणि शोधूनही कारण सापडत नाही.

काही गाड्यांत रिटर्न लाइन (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत आणणारी नळी) नसते. रेग्युलेटर टाकीतच असतो आणि त्याला बूस्ट कळत नाही. ४ बार कायम, त्यातून १.५ बार बूस्ट वजा, म्हणजे इंजेक्टरला मिळाले २.५. फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे इंजेक्टर सुमारे २१ टक्के कमी देतो. अशा एमपीएफआय गाडीत नुसता पंप बदलून भागत नाही. रिटर्न लाइन आणि बूस्ट-रेफरन्स रेग्युलेटर बसवा, नाहीतर बूस्ट आटोक्यात ठेवा.

“घ्यायचाच तर ४५०चाच घेऊ” हा मोह आपल्या भागात महाग पडतो. जास्तीचं पेट्रोल गरम इंजिनाजवळून फिरून टाकीत परत येतं. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या पुढे असताना ट्रॅफिकमध्ये तासभर हे चाललं की टाकीतलं इंधन तापतं, जाळीपाशी वाफ धरते, पंप कण्हायला लागतो आणि प्रेशर नाचतं. त्यात टाकी पाव भरलेली असेल तर विचारूच नका. शिवाय जुना रेग्युलेटर एवढं पेट्रोल परत सोडू शकत नाही. आयडलला प्रेशर ३ चं साडेतीन-चार होतं आणि गाडी काळा धूर टाकते. गरजेपुरता पंप घ्या, एक पायरी वरचा चालेल, दोन नको.

वायरिंगमध्ये कंजुषी नको

कंपनीची पंपाची वायर बारीक असते. १ चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर वायरमधून १२ अँपिअर नेले तर एका बाजूलाच १ व्होल्ट जातो. ४ चौरस मिलिमीटरला तेच पाव व्होल्टवर येतं. म्हणून बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत ४ चौ.मि.मी.ची तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज आणि ४० अँपिअरचा रिले. फ्यूज पंपाच्या करंटवर ठरतो. २५५ च्या वर्गाला २० अँपिअर बहुधा पुरतो, ४५० ला ३०.

रिलेच्या ३० नंबरला बॅटरी, ८७ वरून पंपाची प्लस. ८५-८६ या कॉइलच्या पिना: एकीवर पंपाची जुनी प्लस वायर, दुसरी बॉडीला. पंपाची मायनसही नवी ४ चौ.मि.मी.ची घ्या, जवळच्या बॉडीवर रंग खरवडून थिंबल घट्ट करा. जुनी वायर सिग्नल म्हणून ठेवण्यामागे कारण आहे. इंजिन बंद पडलं किंवा गाडी ठोकली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्याच वायरीने पंप बंद करतो. चावीवर किंवा वेगळ्या स्विचवर थेट पंप देणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर गाडी तिथे सोडू नका. ठोकरीनंतर फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहतं. आणि पंप कंट्रोल मॉड्यूलवर, म्हणजे पीडब्ल्यूएमवर (करंट झटपट चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणं) चालत असेल तर हे रिलेचं वायरिंग करूच नका. त्या गाडीसाठी बनलेला पंप घ्या.

एक बारीक जागा कायम विसरली जाते: टाकीवरच्या पंपाच्या झाकणातून आरपार जाणाऱ्या पिना. त्या जुन्या करंटसाठी बनलेल्या असतात. मोठा पंप लावला की प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी पडतं, पिन सैल होते आणि गाडी गरम झाल्यावरच मिसिंग करते. ३०० लिटरच्या वरच्या पंपाला नवा बल्कहेड कनेक्टर (झाकणातून आरपार जाणारा) घ्या.

बसवणी

काम उघड्यावर किंवा हवेशीर शेडमध्ये. टाकी पावापेक्षा कमी. हाताशी ड्राय पावडरचं अग्निशामक. हॅलोजन दिवा, ग्राइंडर, विडी काहीही जवळ नको. पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा, ते आपोआप बंद पडू द्या, पुन्हा एकदा क्रँक मारा. लाइनमधलं प्रेशर गेलं. टाकीचं पेट्रोल भरायचं झाकण उघडा, बॅटरीची मायनस काढा.

बहुतेक गाड्यांत मागची सीट उचलली की झाकणपट्टी दिसते. तिच्याखाली आपल्याकडची धूळ बोटभर साचलेली असते. ती ब्रश आणि व्हॅक्यूमने पूर्ण काढल्याशिवाय रिंग सैल करू नका. टाकीत पडलेली काळी माती जाळीवर बसते आणि महिनाभरात पंप ओरडायला लागतो. मॉड्यूलची (पंप, जाळी आणि फ्लोट बसवलेला सांगाडा) दिशा मार्करने खुणवा. लॉक रिंगला स्क्रू ड्रायव्हर ठोकण्यापेक्षा योग्य पुलर वापरा. नसेलच तर पितळी छिन्नी, ठिणगी पडत नाही. मॉड्यूल सरळ ओढू नका, तिरका करून फ्लोटचा दांडा सोडवत काढा. तो वाकला की पेट्रोलचा काटा खोटं बोलतो.

जुना आणि नवा पंप शेजारी ठेवून उंची, आउटलेटची जाडी आणि जाळीचं तोंड जुळवा. टाकीत बुडणारी नळी जे३०आर१० दर्जाचीच हवी. बॉनेटखाली चालणारी जे३०आर९ बाहेरून पेट्रोलात बुडायला बनलेली नाही; ती फुगते, चिरते आणि पंप आतल्या आत फवारा मारत बसतो. बाहेर गळती दिसत नाही, फक्त प्रेशर पडतं. क्लिप कडा न कापणारी, फ्युएल इंजेक्शनची. जाळी नवी, टाकीच्या तळापासून ३ ते ५ मिलिमीटर वर, कुठेही दुमडलेली नको. मॉड्यूलच्या वाटीत पेट्रोल ओढणारा जेट पंप असेल तर त्याची नळी पुन्हा जोडा. ती राहिली की वळणावर वाटी रिकामी होते. जुना ओ-रिंग बाहेर काढल्यावर ई२० मुळे फुगलेला असतो, खाचेत परत बसत नाही. नवा आधीच आणून ठेवा.

चाचणी

मायनस जोडून चावी तीन-चार वेळा फक्त ऑन-ऑफ करा. प्रत्येक जोडावर हात फिरवून वास घ्या. मग इंजिन सुरू, आणि पंपाच्या कनेक्टरवरच व्होल्टेज मोजा. १३ च्या खाली असेल तर वायरिंग पुन्हा बघा.

रिटर्न असलेल्या गाडीत खरी परीक्षा अशी: इंजिन बंद ठेवून रिटर्न नळी बॉडीला अर्थ केलेल्या धातूच्या मापी डब्यात सोडा, रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीला गेजवाला सायकलचा पंप लावून १.५ बार द्या, आणि इंधन पंप ३० सेकंद चालवा. १७५ लिटर हवे असतील तर डब्यात किमान १.४६ लिटर यायला हवं. बॅटरी नुसती १२.४ व्होल्टला असते, म्हणून चालू इंजिनवर थोडं जास्तच मिळतं.

मग ट्यून. रेल प्रेशरमधून मॅनिफोल्डचं (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं) प्रेशर वजा केलं की उत्तर बूस्टभर ३ बारच राहिलं पाहिजे. वरच्या आरपीएमला ते उतरतंय तर पाय काढा. वाइडबँड सेन्सरवर लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; आकडा वाढला की इंधन कमी पडतंय) ०.८० चं ०.९० कडे सरकणं हे पिस्टन वितळायची पूर्वसूचना आहे. हा लॉग पाव टाकीवरही घ्या, आणि समृद्धीवर नाही तर डायनोवर.

गरम गाडी पाच-सात सेकंद स्टार्टर मारल्याशिवाय उठत नसेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (लाइनमधलं प्रेशर मागे न सोडणारा) किंवा आतली क्लिप बघा. नव्या पंपाच्या जोराने टाकीतला जुना गाळ हलतो, म्हणून पहिल्या हजार किलोमीटरला बाहेरचा फिल्टर बदला; इथेनॉलसाठी कागदी नको, १० मायक्रॉनचा मायक्रोग्लास घ्या.