रिसेप्शनला डीजेने गर्दी कशी ओळखायची आणि गाणी कशी चढवायची

पत्रिकेत ७ छापलेलं असलं तरी नवरा-नवरी स्टेजवर यायला ८ वाजतातच, आणि मोकळ्या लॉनवर रात्री १० नंतर स्पीकर चालत नाही (२००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत), म्हणजे आहेर आणि जेवणाचा वेळ वजा जाता नाचायला हातात जेमतेम तासभर. सगळं प्लॅनिंग या एका तासासाठी करायचं.

लोकं आहेर द्यायला लायनीत उभी असतात तेव्हा आवाज एवढाच ठेवा की दोन काकूंना न ओरडता बोलता आलं पाहिजे. बासरी, संतूर, जुनी भावगीतं. स्पीकरचं तोंड जेवणाकडे नको. आणि रिकाम्या हॉलमधे केलेल्या साउंड चेकवर विसंबू नका, माणसं भरली की आवाज शोषला जातो, त्यामुळे एकदा मधोमध जाऊन ऐकाच.

आता लॅपटॉप सोडा आणि पायांकडे बघा. बसल्या बसल्या कोणाची चप्पल ठेका धरतीये, कोण ओठ हलवतंय, कुठल्या टेबलावरची ताटं रिकामी झालीत. भुकेलं माणूस नाचत नाही, जेवून हात धुतलेला पहिला घोळका रेंगाळायला लागला की सुरू करा.

आधी लहान मुलं येतात, त्यांना हाकलू नका, त्यांच्यामागे आया येतात. मी तर म्हणेन कॉलेजची पोरं कधीही नाचतात, खरा फ्लोअर उघडतो तो आत्या-मावश्या उठल्यावर, कारण आत्या आली की तिच्यामागे अख्खं घर येतं. त्यासाठी कोळीगीताइतकं भरवशाचं काही नाही, वल्हं मारायची स्टेप सगळ्यांना येते. फक्त त्याचा ठेका सहाच्या चालीचा आणि हिंदी डान्स गाण्यांचा चारचा, बीट जुळवून मिसळायला गेलात तर पाय अडखळतात, मधे नाशिक ढोलचा तुकडा टाका नाहीतर सरळ कट करून माईकवर बोला.

मग ३-४ गाण्यांचा सेट, ११० बीपीएमवरून (म्हणजे मिनिटाला ठोके) १२८ पर्यंत चढवत न्यायचा, मुखडा आणि एक अंतरा झाला की पुढचं गाणं, आणि सेटनंतर एक मवाळ गाणं, लोकांना पाणी पिऊ द्या. फ्लोअर कडेनी रिकामा होतो, मधून नाही. कडेचे लोक नाचायचं थांबून मोबाईल बघायला लागले की चालू गाणं संपायची वाट बघू नका, लगेच बदला. एकदा नवरदेवाच्या मित्रांच्या फर्माइशीवरून सगळ्यात दणक्याचं गाणं मी साडेआठलाच लावलं, त्यानंतर रात्रभर काहीच चढलं नाही, तेव्हापासून ते शेवटच्या १५ मिनिटांसाठी राखून ठेवतो.

साडेनऊला जोडप्याला खाली आणायला माणूस पाठवा, फोटोग्राफर लवकर सोडत नाही आणि शालू सावरत उतरायला वेळ लागतो. शेवटची गाणी त्यांच्याभोवती होऊ द्या. दहाला पाच कमी असताना आवाज हळूहळू उतरवा, एकदम तोडू नका, आणि १० नंतर परवानगी असलेल्या बंद हॉलमधे असाल तर परत बासरी लावा, घरच्यांचं जेवण अजून व्हायचं असतं.