हँडहेल्ड व्हॅक्यूम सीलर घेतलाय ना, मग पिशवी भरायच्या आधी एवढं वाचा

फ्रीझरमधून दीड महिन्याने चिकनची पिशवी काढली आणि त्यावर पांढरट करडे कोरडे चट्टे दिसले, शिजवल्यावर नेमका तेवढाच भाग चामड्यासारखा लागला, हे बऱ्याच जणांच्या घरी झालेलं असतं. ते चिकन नासलेलं नसतं, त्यातलं पाणी उडालेलं असतं. पिशवीत हवा राहिली की मांसातल्या बर्फाची थेट वाफ होते, पाणी व्हायची पायरी मध्ये येतच नाही, आणि तीच वाफ पिशवीला आतून बर्फाच्या भुग्यासारखी चिकटते. वरचा थर वाळतो, शिवाय ऑक्सिजनमुळे चरबी खवट होते ते वेगळंच. यालाच फ्रीझर बर्न म्हणतात आणि हातात मावणारा सीलर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो इथेच.

आधी एक घोळ मिटवूया. सीलर या एकाच नावाने दोन वेगळी यंत्रं विकली जातात. एक चिमट्यासारखं असतं, ते पिशवीचं तोंड गरम करून चिकटवतं, बस, हवाबिवा काही काढत नाही. वेफर्सचं फोडलेलं पाकीट बंद करायला ठीक आहे. दुसरं म्हणजे छोटा पंप, चार्ज करून वापरायचा, आणि त्याच्यासोबत झिप आणि गोल व्हॉल्व्ह असलेल्या खास पिशव्या लागतात. मी बोलतोय ते या दुसऱ्याबद्दल. साध्या झिपच्या पिशवीवर हा पंप चालत नाही कारण हवा काढून घेतल्यावर तिला परत आत येऊ न देणारा एकतर्फी व्हॉल्व्हच तिथे नसतो.

आता भरायची पद्धत. पिशवीचं तोंड बाहेरच्या बाजूला दुमडून घ्या आणि मगच माल आत टाका म्हणजे झिपला काही लागत नाही, भरून झालं की दुमड सरळ करा. झिपच्या खाली तीनचार बोटं जागा सोडा, गच्च भरू नका. व्हॉल्व्हच्या बरोबर खाली मोठा तुकडा येऊ देऊ नका. पिशवी ओट्यावर आडवी ठेवून हाताने जमेल तेवढी हवा आधीच दाबून काढा, तेवढंच पंपाचं काम कमी होतं. मग झिप चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवा, आणि परत उलट्या दिशेने फिरवा. पंपाचं तोंड व्हॉल्व्हवर सपाट टेकवून घट्ट दाबा, तिरकं धरलं तर नुसता आवाज येतो आणि हवा बाहेरूनच ओढली जाते. प्लास्टिक मालाला चिकटलं, आवाज बदलला, की थांबा आणि व्हॉल्व्ह अंगठ्याने एकदा दाबून घ्या.

आणि लगेच फ्रीझरमध्ये टाकू नका. अर्धा तास ओट्यावर राहू दे. पिशवी सैल पडली तर कुठेतरी गळतंय आणि दहातल्या नऊ वेळा ते झिपच्या कोपऱ्यात असतं असा माझा तरी अनुभव आहे. मध्यंतरी एक पिशवी मी तीनदा सील केली आणि तिन्ही वेळा फुस्स, शेवटी उजेडात धरून पाहिलं तर झिपच्या खाचेत मिरीचा अर्धा कण अडकलेला, बाकी काही नाही. ओल्या फडक्याने खाच पुसली, कोरडी केली, आणि ती पिशवी पुढे दोन महिने घट्ट राहिली. कळत नसेल तर झिप लावलेली रिकामी पिशवी हवा भरून पाण्यात दाबा, बुडबुडे जिथून येतील तिथे भोक.

ओला माल हा पंपाचा शत्रू आहे. सूप, रस्सा, मसाल्यात मुरवलेलं मांस यातलं पाणी वर चढून थेट मोटरमध्ये जातं, माझा पहिला पंप असाच गेला. म्हणून पातळ पदार्थ आधी डब्यात गोठवायचा, वीट तयार झाली की पिशवीत घालून हवा काढायची. मांस-मासे कोरड्या टिशूने टिपून घ्या, एक घडी केलेला टिशू मालाच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये ठेवला तर उरलेला ओलावा तो पितो. बेरी, पाव असलं चेपणारं काही असेल तर ताटात पसरून तासदोन तास फ्रीझरमध्ये कडक करून घ्या नाहीतर लगदा होतो. पिठाचं उलट, तिथे पाणी नाही पण धूळ उडून व्हॉल्व्हमध्ये बसते, म्हणून पीठ आधी कागदी पिशवीत आणि ती पिशवी आत. हाडांची टोकं कागदात गुंडाळा. गरम काहीच भरू नका, वाफ पंपात जाते आणि आत पाणी सुटतं.

भाज्यांच्या बाबतीत लोक फसतात. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली कच्ची पॅक केली की ती गॅस सोडते आणि दोनतीन दिवसांत पिशवी फुग्यासारखी होते, मग सीलरला शिव्या. उकळत्या पाण्यात ब्रोकोलीचे तुरे ३ मिनिटं, मटार दीड मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, पूर्ण कोरडं करून मग पॅक आणि सरळ फ्रीझर. ताजी भाजलेली कॉफीही कार्बन डायऑक्साइड सोडत असते, तिची पिशवी फुगली म्हणजे गळती आहे असं नाही.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हे यंत्र हवा काढतं, जंतू काढत नाही. बुरशीला हवा लागते, नेहमीच्या कुजवणाऱ्या बऱ्याच जंतूंनाही लागते, ते मंदावतात हे खरं, पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू हवा नसते तिथेच वाढतो. १८९५ मध्ये बेल्जियममध्ये खारवलेलं हॅम खाऊन वादकांचा एक गट आजारी पडला, तिघे दगावले, आणि त्या हॅममधूनच एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हा जंतू शोधला. याच्या विषाला वास नसतो, चव नसते. म्हणजे नेहमीच्या नासक्या वासाने जी सूचना मिळते ती व्हॅक्यूमच्या पिशवीत मिळेलच असं नाही. म्हणून शिजवलेलं अन्न, मांस, मासे, कापलेल्या भाज्या व्हॅक्यूम केल्या तरी फ्रीजमध्येच, ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, आणि जास्त दिवस हवं असेल तर उणे १८ ला. या जंतूचे काही प्रकार ३ अंशांच्या वर हळूहळू वाढू शकतात, तेव्हा फ्रीजमध्येही नेहमीइतकेच दिवस मोजा, पिशवी घट्ट दिसतेय म्हणून आठवडा वाढवू नका. सोललेला लसूण, कच्चे मशरूम, मऊ चीज हे तर या पिशव्यांत ठेवूच नका. आणि बरणीचं झाकण पंपाने घट्ट बसवलं म्हणजे ते कॅनिंग झालं असं अजिबात नाही, त्यात उष्णतेने जंतू मारलेले असतात, इथे नुसती हवा काढलीय.

गोठवलेल्या माशांचं एक वेगळं. वितळवायला फ्रीजमध्ये ठेवताना झिप उघडा किंवा मासे सरळ ताटात काढून झाका, बंद पिशवीत वितळवू नका, कारण तेच, थंडी कमी होते आणि हवा नसते.

कपाटात ठेवायला मग काय उरतं? सगळं कोरडं. तांदूळ, डाळी, सुकामेवा, बिया, कॉफी. सुकामेव्यात फरक सगळ्यात लवकर जाणवतो, अक्रोड तर हवेला फार हळवा, उघड्या बरणीतला खवट लागायला लागतो तेव्हा पिशवीतला अजून गोड असतो. धान्यात किड्यांची अंडी असतील तर नुसत्या हवा काढण्यावर विसंबू नका, आधी चारेक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि नंतरच उघडा, गार असताना उघडलं तर दाण्यांवर पाणी धरतं.

पिशव्या धुवून परत वापरता येतात पण कच्चं मांस, मासे, अंडी किंवा तुपट काही ठेवलेली टाकून द्या, खाचा आणि व्हॉल्व्ह आतून स्वच्छ होत नाहीत. बाकीच्या उलट्या करून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, उंच ग्लासवर उपड्या घालून पूर्ण वाळवा, व्हॉल्व्हच्या आत थेंब राहिला तर पुढच्या वेळी तोच पंपात जातो. तारीख आणि पदार्थाचं नाव पिशवी रिकामी असतानाच लिहा, भरून गार झाल्यावर पेन चालत नाही. पंपाच्या तोंडाची रबरी रिंग अधूनमधून काढून पुसत जा, ओढ कमी झाली असं वाटलं की बॅटरीच्या आधी तिच्यावर संशय घ्या, बहुतेक वेळा तिथे पिठाचा नाहीतर तेलाचा थर सापडतो.