धुळीतल्या माइटची अ‍ॅलर्जी: आधी अंथरूण, मग घर

उठल्या उठल्या सटासट शिंका, नाक गळणं, रात्री छातीत घरघर, आणि दिवस वर आला की आराम, असं रोजचं झालं असेल तर आधी अंथरुणाकडे बघा. माइट म्हणजे अंथरुणातल्या धुळीत राहणारा बारीक किडा, जेमतेम पाव मिलिमीटरचा. ढेकणासारखा चावत नाही, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. दमेकऱ्याला बाधते ती मुख्यतः त्याची विष्ठा. खात्री करायची तर त्वचेवरची प्रिक टेस्ट (त्वचेला हलकंसं टोचून अ‍ॅलर्जी बघणं) किंवा रक्ताची आयजीई (अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं) तपासणी.

माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. मराठवाड्याचा कोरडा एप्रिल-मे त्याला मानवत नाही. पण दारं-खिडक्या लावून रात्रभर कूलर चालवला की ओलाव्याची सोय आपणच करतो! कूलर खिडकीबाहेर ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. पावसाळ्यात माळवदाच्या भिंती ओल धरतात, तेव्हा पलंग भिंतीपासून वीतभर सरकवा.

उशीचे अभ्रे, चादर, पांघरूण दर आठवड्याला धुवा. पाणी टँकरचं असेल तर निदान अभ्रे आणि चादर चुकवू नका. थंड पाण्यात विष्ठा बरीच निघते, पण माइट जगतात. ते मरायला 60 अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. मोठ्या पातेल्यात दोन भाग उकळतं आणि एक भाग साधं पाणी घ्या, कपडे काठीने दाबून झाकण ठेवा, अर्ध्या तासाने धुवा. लेकरं लांब ठेवा.

गोधडी, वाकळ मेच्या उन्हात पत्र्यावर दुपारी 3-4 तास टाका, मधे पालटा. उन्हाने माइट मरतात, विष्ठा मात्र तिथेच राहते, म्हणून नंतर धुणं आलंच. दसरा काढताना गोधड्या झटकणं, जाळे-जळमटं पाडणं दुसऱ्याने करावं. उडालेली धूळ बसेपर्यंत, म्हणजे किमान अर्धा तास, रुग्णाने खोलीत जाऊ नये. एरवी केरसुणीऐवजी ओलं फडकं.

कापसाच्या गादी-उशीला घट्ट विणीचं, चेनचं कव्हर घाला; छिद्रं 10 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक हवीत. नुसत्या कव्हरवर विसंबू नका, एकट्या उपायाने फारसा फरक पडत नाही.

घर स्वच्छ झालं म्हणून रोजचा इनहेलर किंवा नाकाचा स्प्रे मनाने सोडू नका. बोलताना वाक्य पुरं होत नसेल किंवा तातडीच्या पंपाने आराम पडत नसेल, तर तडक दवाखाना गाठा.