कमी खाण्यावरचा रीफ टँक: या चुका टाळा

कमी खाणं घालून चालणारा रीफ टँक (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी) हा सोलापुरात शहाणपणाचाच बेत आहे. इथे टँकमध्ये पडलेली प्रत्येक जादा चिमूट शेवटी पाण्यात मोजावी लागते. खाणं वाढलं की नायट्रेट-फॉस्फेट वाढतात, ते वाढले की पाणी बदलावं लागतं, बदलायला आरओचं पाणी लागतं, आणि एक लिटर आरओमागे तीन-चार लिटर मोरीत जातं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे गणित आधी मांडायला हवं.

गडबड होते ती 'कमी खाणं' या शब्दात. आवडेल तो मासा आणून त्याला अर्धपोटी ठेवणं म्हणजे कमी खाणं नव्हे. पुढचं सगळं ३ × १.५ × १.५ फुटी टँक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. त्यात कागदावर १९० लिटर मावतात. रेती आणि दगड टाकल्यावर खरं पाणी १५० च्या आसपास राहतं. औषधाचा, मिठाचा, खाण्याचा हिशोब १५० वरच करा.

चूक: रंग बघून मासा आणणं

मँडरिन मासा हे याचं ठरलेलं उदाहरण. दुकानात तो दगडावर टुकटुक टिपत फिरताना दिसतो आणि वाटतं, हा आपलं आपण खाईल. तो टिपतो ते कोपेपॉड (डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव), आणि दिवसभर टिपतो. १५० लिटरमधले कोपेपॉड काही आठवड्यांत संपतात, पेलेटकडे (कोरड्या खाण्याच्या दाण्यांकडे) तो सहसा ढुंकून बघत नाही. मग पोट आत जातं, डोक्यामागची पाठ धारदार दिसायला लागते. तिथून त्याला परत आणणं फार अवघड.

अँथियासला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं लागतं. कॉपरबँड बटरफ्लाय बरेचदा गोठवलेलं खाणं शिकतच नाही. टँगला तीन फुटांत पोहायला जागा नाही आणि चरायला रोज शेवाळ हवं. सागरघोड्याला दिवसातून दोन-तीनदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) लागतं, शिवाय तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. तो विषयच सोडा. दगडी प्रवाळही त्याच कायद्यात येतं. किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा दगड कुणी 'लाइव्ह रॉक' (जिवंत बॅक्टेरिया बसलेला दगड) म्हणून देऊ केला तर नको म्हणा. कृत्रिम ड्राय रॉकवर बॅक्टेरिया बसायला चार-सहा आठवडे लागतात, पण पुढे काम तेच होतं.

मग ठेवायचं काय? ऑसेलारिस क्लाउन माशांची एक जोडी, शक्यतो पैदास केंद्रातली. ही पिल्लं लहानपणापासून पेलेटवर वाढलेली असतात, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत खायला लागतात. सोबत एक यलो वॉचमन गोबी आणि त्याची जोडीदार पिस्टल श्रिम्प (एक कोळंबी). श्रिम्प बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो, आणि क्लाउनच्या तोंडून निसटलेला दाणा तळाशी हाच उचलतो. चौथा मासा पजामा कार्डिनल किंवा रॉयल ग्रामा. ग्रामा कॅरिबियनमधून येतो म्हणून महाग पडतो, पण चिवट आहे. १५० लिटरला एवढं पुरे.

लॉनमोवर ब्लेनीबद्दल थोडं जपून. शेवाळ आलं म्हणून त्याला आणतात, तो महिन्याभरात टँक चाटून साफ करतो आणि मग उपाशी पडतो. टँक सहा महिने जुना झाल्यावरच आणा, आणि शेवाळ संपल्यावर दिवसाआड दोन बोटं रुंद नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लावा. ग्रीन क्रोमिसचा थवा दिसतो छान, पण तीन फुटांत ते एकमेकांना हाणून संपवतात. सात आणले तर वर्षभराने बरेचदा एकच उरतो. स्वस्तातला ब्लू डॅमसेल 'टँक तयार करायला' सोडणं हीसुद्धा चूकच. नंतर तो पकडायला सगळे दगड उपसावे लागतात, तोवर त्याने क्लाउनना कोपऱ्यात दाबलेलं असतं.

चूक: चिमटीने खाणं घालणं

चिमूट हे माप नाही. दागिन्यांच्या वजनाचा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या आणि रोज जेवढं घालता तेवढं एकदा त्यावर ठेवून बघा. बहुतेकांना धक्का बसतो.

कोरड्या पेलेटमध्ये फॉस्फरस साधारण १ टक्का असतो. म्हणजे १ ग्रॅम पेलेटमध्ये १० मिलिग्रॅम फॉस्फरस, फॉस्फेटच्या हिशोबाने ३० मिलिग्रॅम. १५० लिटर पाण्यात तो सगळा उतरला तर ०.२ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). थोडा माशाच्या अंगी लागतो, उरलेला पाण्यात येतो. रीफला फॉस्फेट हवं ०.०३ ते ०.१. म्हणजे एका दिवसाची सैल चिमूट आठवड्याचं गणित बिघडवते.

पाच सेंटिमीटरच्या क्लाउनला दीड मिलिमीटरचे १० ते १५ दाणे दिवसाला पुरतात. चार माशांचं मिळून ०.१ ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे फॉस्फेट जास्तीत जास्त ०.०२. एवढं कोरल, दगडावरचे बॅक्टेरिया आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) मिळून सांभाळतात. हे दाणे एकदम न टाकता सकाळी निम्मे, संध्याकाळी निम्मे घाला. वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप) पाच मिनिटं बंद ठेवा, दाणे टँकच्याच पाण्यात अर्धा मिनिट भिजवा आणि ड्रॉपरने माशाच्या तोंडासमोर सोडा. कोरडा दाणा पृष्ठभागावर तरंगत ओव्हरफ्लोत (पाणी बाहेर पडण्याच्या जागेत) जातो आणि फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) सडतो. माशाच्या पोटात न जाता पाण्यात मात्र येतो.

आठवड्यातून दोनदा पेलेटऐवजी मायसिसचा गोठवलेला क्यूब. त्या क्यूबचं वजन बरंचसं पाण्याचंच असतं, तरी चार माशांना पूर्ण क्यूब जास्त होतो. सुरीने पाव भाग कापा. गाळणीत धुऊन फॉस्फेट जातं असं बरेच जण मानतात. फार जात नाही, ते मांसातच असतं. धुतलंत तर बिघडत नाही, पण धुतलं म्हणून दुप्पट घालू नका.

पुरेसं झालं की नाही हे माशाला वरून बघून ठरवा. डोक्यामागचा भाग भरलेला आणि पोट सरळ रेषेत असेल तर ठीक. पोट आत गेलेलं असेल तर टेस्ट किट काहीही सांगो, खाणं वाढवा.

चूक: शून्याच्या मागे लागणं

नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य असा निकाल आला की अभिमान वाटतो. पंधरा दिवसांनी झोआ (फुलांसारखे उमलणारे प्रवाळासारखे जीव) मिटलेले, लेदर कोरल फिकं आणि रेतीवर तपकिरी शेंबूड. कोरलच्या पेशीतलं शैवाल उजेडावर साखर बनवतं हे खरं, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस त्यालाही लागतात. दोन्ही तळाला गेले की इतर शेवाळं मागे पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो, एकपेशीय जीव) मोकळं रान मिळाल्यासारखे पसरतात.

तपकिरी दिसलं की लोक खाणं अजून कमी करतात आणि पाणी बदलतात. डायनो असतील तर हे नेमकं उलटं आहे. आधी ओळखा:

- कोरडी पावडर, बोटाने पुसली जाते, टँक दोन महिन्यांच्या आतला: डायटम. पाण्यातल्या सिलिकेटमुळे येतात, आपोआप जातात. आरओ तपासा.
- तपकिरी धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, लाइट लागण्याआधी सकाळी जवळपास गायब, दुपारी पुन्हा हजर: डायनो.
- लालसर-जांभळी चादर, कडेने धरली की सोलून येते: सायनो (सायनोबॅक्टेरिया). प्रवाह कमी असलेल्या कोपऱ्यात खाणं साचतं आहे. वेव्हमेकरची दिशा बदला.
- हिरवे केस: फॉस्फेट जास्त. टेस्टमध्ये ते कमी दिसू शकतं, कारण शेवाळाने ते आधीच खाल्लेलं असतं.

डायनो असतील तर फॉस्फेट काढणारी मीडिया (गाळणीत घातलेला शोषक पदार्थ) लगेच बंद करा, स्किमर रात्रीपुरता चालवा, पाणी बदलणं थांबवा आणि नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५ च्या वर येईपर्यंत खाणं थोडं वाढवा. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ यांच्या मध्ये कुठेही टँक आनंदात असतो.

चूक: ओट्यावरच्या आरओचं पाणी

घरगुती आरओमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) नॉब असतो. उजनी धरणाचं पाणी असो की बोअरचं, त्यातले क्षार, नायट्रेट, सिलिकेट तिथून टँकमध्ये शिरतात. मासे कमी, खाणं मोजून, तरी शेवाळ हटत नाही असं असेल तर पहिला संशय इथे घ्या. टीडीएस मीटर टाका. ४०–५० दिसलं तर नॉब पूर्ण बंद करा आणि आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचा) एक नळा जोडा. पाणी ० टीडीएसला यायला हवं. २–३ दाखवायला लागलं की रेझिन बदला. वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडा. फरशी आणि संडासाला ते चालतं.

चूक: मे महिन्यात खाणं, पंखा आणि कूलर वेगवेगळे समजणं

सोलापूरचा पारा ४२–४३ ला जातो तेव्हा स्लॅबखालच्या खोलीतला टँक ३१ गाठतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, माशाला मात्र जास्त लागतो आणि न खाल्लेलं लवकर कुजतं. ३० च्या वर दुपारचं खाणं बंद. सकाळी सातच्या आत द्या.

पाण्यावर तिरका पंखा हा पहिला उपाय. इथली हवा कोरडी असल्याने पंखा मुंबईपेक्षा सोलापुरात जास्त काम करतो. दिवसाला पाच लिटर उडालं तर सरासरी १४० वॅट उष्णता बाहेर गेली असं समजा. त्याच खोलीत डेझर्ट कूलर लावून दारं-खिडक्या बंद केल्या तर हवा दमट होते आणि टँकवरच्या पंख्याचा जोर निघून जातो. कूलर लावायचाच तर समोरची खिडकी उघडी ठेवा. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांतही पंखा ढिला पडतो, पण तेव्हा उन्हाची धारही उतरलेली असते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत उलट १०० वॅटचा हीटर हवा.

काचेचं झाकण उष्णता कोंडतं आणि झाकणच नसेल तर गोबी उडी मारतो. बारीक नायलॉन जाळीची फ्रेम बसवा.

उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे भर नेहमी साध्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. १५० लिटरमधून २० लिटर उडालं तर ३५ ची क्षारता (हजार भागांत ३५ भाग मीठ) ४० च्या वर जाते. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) हा या गावात शौक नाही, गरज आहे.

आणि डासांचा फवारा. त्यातलं पायरेथ्रॉइड माशांना घातक, श्रिम्पला तर अतिशय घातक. स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळतो, म्हणजे फवारा थेट टँकमध्ये. त्या खोलीत फवारा, कॉइल, लिक्विड काहीच नको. खिडकीला जाळी लावा.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त १० वॅटचा वेव्हमेकर ठेवा. तो पृष्ठभाग हलता ठेवतो, तेवढा ऑक्सिजन पुरतो. लाइट, स्किमर, हीटर थांबले तरी चालतात. वीज नसेपर्यंत खाणं नाही.

चूक: पिशवीतल्या माशाला तासन्‌तास थेंब-थेंब पाणी

मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर आलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळायला लागतो. त्यात नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून दोन तास ड्रिप (थेंब-थेंब पाणी) म्हणजे त्याला त्याच विषात ठेवणं. पाठवणाऱ्याकडून क्षारता आधीच विचारून घ्या, क्वारंटाइन टाकीतल्या (नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टाकीतल्या) पाण्याची क्षारता तेवढीच ठेवा. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवा, मग उघडून मासा लगेच हलवा. पिशवीचं पाणी ओतून द्या. क्वारंटाइन चार आठवडे. पहिल्या दिवशी खाणं नको.

चूक: गावाला जाताना शेजाऱ्यांकडे डबा देणं

धडधाकट क्लाउन तीन-चार दिवस खाण्यावाचून आरामात काढतो. म्हणून चार दिवसांच्या लग्नासाठी खाण्याची व्यवस्था करूच नका. टॉप-ऑफची टाकी भरा, बास. तीही दोनदा तपासा, कारण मेमध्ये चार दिवसांना २० लिटर लागतात.

त्याहून जास्त दिवस असतील तर ऑटोफीडरवर डोळे झाकून विसंबू नका. पाण्याच्या वाफेने दाणे चिकटतात आणि तोंड बंद होतं, किंवा गोळा एकदम पडतो. लावायचाच तर आधी तो कागदावर पाच वेळा फिरवून प्रत्येक वेळी पडलेलं वजन करा. त्यापेक्षा औषधाच्या दुकानात मिळतात तशा कागदी पुड्या बांधा. एका पुडीत ०.१ ग्रॅम, वर वार लिहिलेला, आणि दिवसाआड एकच. शेजारच्या काकूंना ती पुडी इतकी लहान वाटेल की त्यांना माशांची दया येईल, म्हणून खाण्याचा मूळ डबा कपाटात कुलूपबंद करून जा.