पाण्यावरचा तेलतवंग ड्रोनने मोजताना या चुका टाळा

महामार्गावर टँकर उलटून डिझेल बेळगावच्या बळ्ळारी नाल्याच्या भातशिवारात उतरलं, तर किती गुंठे बाधित झाले हे ड्रोनच्या फोटोंवरून काढता येतं. आकडा फसतो तो बहुतेक वेळा फोटो वाचताना.

चमकेल ते तेल नव्हे. बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूर भागात जांभ्याची जमीन आहे. तिच्यातल्या लोहामुळे साचलेल्या पाण्यावर लोहजीवाणूंचा इंद्रधनुषी पापुद्रा धरतो आणि वरून तो अगदी डिझेलसारखा दिसतो. काठीने डिवचून बघा. पापुद्र्याचे तुकडे पडतात आणि ते सुटेच राहतात. तेल मात्र लगेच पुन्हा मिळून येतं. ही खात्री पाण्याशी उतरूनच होते, म्हणून संशयित ठिपक्यांपैकी निदान चार-पाच तरी प्रत्यक्ष तपासा.

सगळ्या तवंगाला एकच जाडी लावू नका. 1 गुंठ्यावर 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर म्हणजे साधारण 100 मिलिलिटर तेल. समुद्रावरच्या गळतीसाठी वापरल्या जाणाऱ्या बॉन कराराच्या रंगसंहितेत इंद्रधनुषी तवंग 0.3 ते 5 मायक्रॉन, धातूसारखी झाक 5 ते 50, आणि तेलाचा स्वतःचा सलग गडद रंग 200 च्या वर धरतात. म्हणजे गुंठ्यामागे अनुक्रमे 30 मिलिलिटर ते अर्धा लिटर, अर्धा ते 5 लिटर, आणि 20 लिटरपेक्षा जास्त. 10 गुंठ्यांत एकच गुंठा गडद असताना सगळेच गडद धरलेत, तर 20-25 लिटरचे थेट 200 होतात! रंगागणिक वेगळी रेषा आखा आणि उत्तर 'इतके ते इतके' असंच द्या.

भर दुपारी उडवू नका. सूर्य डोक्यावर असला की पाण्यातली तिरीप तवंग गिळून टाकते. काठीची सावली काठीएवढी ते दीडपट असताना फोटो घ्या. पातळ, एकसारखं ढगाळ आभाळ असेल तर उत्तमच. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, नाहीतर चमकच पुसली जाते.

उघड्या पाण्याचे फोटो जोडत बसू नका. सॉफ्टवेअरला जुळवायला खुणा सापडत नाहीत, शिवाय तवंग वाऱ्याच्या साधारण 3 टक्के वेगाने सरकतो. ताशी 20 किलोमीटर वारा असेल तर मिनिटाला 10 मीटर. एकच पट्टा दोनदा मोजला जातो. 1 इंची सेन्सरच्या नेहमीच्या ड्रोनची चौकट 100 मीटरवरून सुमारे 150 बाय 100 मीटर भरते. शक्यतो एकाच चौकटीत मोजा. बांधावर 50 सेंटिमीटरचे पांढरे चौकोन ठेवा आणि त्यांच्यातलं अंतर टेपने मोजा, माप बसवायला ते लागतंच.

जलपर्णी आणि दाट भाताखालचं तेल वरून दिसत नाही. अशा जागा 'अनिश्चित' म्हणून वेगळ्या रंगवा, शून्य धरू नका. पांढरा कपडा खोडापाशी बुडवला की डाग कळतो.

पेट्रोल असेल तर वारा जिकडून येतो त्या अंगाला उभं राहा. बॅटरी बदलणं, वाहन सुरू करणं, सगळं तिथूनच.

आणि बेळगावचा सांबरा विमानतळ विसरू नका. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय 200 फुटांपर्यंतच उडवता येतं, म्हणजे वर दिलेली 100 मीटरची चौकट तिथे मिळत नाही. 60 मीटरवरून ती 90 बाय 60 मीटर होते. त्याहून जवळ किंवा लष्करी हद्दीलगत असाल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा बघा.