डेसिमल रकाना असूनही न जुळणारी बेरीज: एसक्यूलाइटमधील माझा अनुभव

एका पतसंस्थेच्या खातेवहीत जमा आणि नावे यांचा फरक शून्य यायला हवा होता, तिथे दशांशचिन्हानंतर शून्यांची रांग आणि शेवटी भलतेच अंक दिसत होते. रकाना डेसिमल(१०,२), म्हणजे एकूण दहा अंक आणि त्यांपैकी दोन दशांशचिन्हानंतर, असा घोषित होता. परंतु एसक्यूलाइट ही डेटाबेस प्रणाली त्या घोषणेला बांधील नसते, अपूर्णांक ती आठ बाइटांच्या द्विमान फ्लोटमध्येच (० आणि १ या अंकांत लिहिलेल्या, बहुधा अंदाजे किमतीच्या संख्येत) साठवते, आणि त्यात ०.१ नेमका मावत नसल्यामुळे ०.१ + ०.२ ची ०.३ शी केलेली तुलना असत्य ठरते. हे एसक्यूलाइटच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे, तरी सहज नजरेआड होते.

मी सर्व रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून साठवल्या. जुन्या नोंदी हलवताना १०० ने गुणून थेट कास्ट (पूर्णांकात रूपांतर) करू नये, कारण गुणाकार १९९९ हून किंचित कमी येतो, अपूर्णांक कापला जातो आणि १९.९९ चे १९९८ होतात. आधी राउंड लावावे, म्हणजे संख्या जवळच्या पूर्णांकावर आणावी. व्याजाची आकडेमोड पायथन या भाषेतील डेसिमल या अचूक दशांश प्रकारात केली, मात्र दर अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनच दिला, नाहीतर तो आधी फ्लोट होऊन तीच चूक आत येते.